ओलित दिवसाच हवं

पौषातली रात्र, दोनचा सुमार. हिंगण्याहून कान्होलीबाऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यापासून आत, एका वावरात, विहिरीजवळच्या टिनाच्या पेटीपुढे एक माणूस उभा आहे. टॉर्च दातांत धरलाय, कारण दोन्ही हात पेटीत आहेत. पायात रबरी चप्पल, चपलेखाली ओला चिखल. हिरवं बटन दाबलं की मोटार नुसती गुरगुरते, उचलत नाही. म्हणजे तीनपैकी एक फेज गेलाय. अशीच गुरगुरत राहिली तर वाइंडिंग जळणार, आणि मोटार भरून आणेपर्यंत हरभऱ्याची पाळी हातची जाणार. तो लाल बटन दाबतो, टॉर्च हातात घेतो आणि डीपीच्या दिशेनं चालू लागतो. धुऱ्यावरच्या गवतात काही सळसळलं की थबकतो. रानडुक्कर असेल, साप असेल. अलीकडे तिसराही अंदाज मनात येतो. त्याचं नाव तो रात्री घेत नाही.

“लाइन रातची आली का त्या आठवड्याची झोप गेलीच समजा, भाऊ,” दुसऱ्या दिवशी त्यानं मला सांगितलं. सांगताना आवाजात तक्रार नव्हती. मृगात पाऊस येतो, थंडीत लाइन रात्री येते, अशा सुरात तो बोलला. मला राग आला तो या सुराचा. एका माणसाची झोप दरवर्षी, ठरवून, वेळापत्रक छापून काढून घेतली जाते आणि त्यालाच ती हवामानासारखी वाटू लागते, इथवर आपण गोष्ट येऊ दिली.

हे सदर त्या झोपेसाठी. सौरऊर्जेची चर्चा निघाली की मेगावॉट येतात, कोटी येतात, उद्दिष्टं येतात. येऊ देत. माझं माप एकच आहे. हिंगण्याच्या शेतकऱ्याला त्याची रात्र परत मिळाली का?

०००

शेतीला वीज रात्री का देतात, याचं कारण वीज केंद्रात आहे. कोळशावरचा मोठा संच घरच्या चुलीसारखा हवा तेव्हा पेटवता आणि हवा तेव्हा विझवता येत नाही. तो रात्रंदिवस चालवावा लागतो. रात्री शहर झोपतं, दुकानं मिटतात, मागणी उतरते. पण वीज तर तयार होतच असते. ती कुठंतरी खपायला हवी. म्हणून शेतीच्या वाहिन्यांना चक्र लावलं, काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री. शहराची उरलेली वीज शेताच्या वाट्याला आली.

नागपूर जिल्ह्यानं तर या विजेची किंमत दुप्पट मोजली आहे. कोराडी आणि खापरखेडा ही दोन्ही औष्णिक केंद्रं याच जिल्ह्यात. जुलै २०२२ मध्ये कोराडीच्या राखेचा खसाळ्याचा बांध फुटला आणि राख शेतांत, नाल्यांत उतरली. धूर जिल्ह्याचा, राख जिल्ह्याची, आणि त्याच जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला वीज मात्र रात्री दोनला.

रात्री पाण्याची वाफ कमी होते, हे खरं आहे. पण अंधारात दांड कुठं फुटला ते दिसत नाही. एका सरीत पाणी तुंबतं, दुसरी कोरडी राहते. हरभऱ्याच्या मुळाशी पाणी साचलं की झाड पिवळं पडून मरतं. वाफेत वाचलेलं पाणी फुटलेल्या दांडातून वाहून जातं. आणि नागपूरची थंडी? २९ डिसेंबर २०१८ ला इथला पारा ३.५ अंशांवर उतरला होता. त्या रात्री ज्यांच्या वाहिनीला पाळी होती, ते गुडघाभर ओल्यात उभे होते. त्यांच्या नावाची नोंद कुठल्याही कार्यालयात नाही.

घरातली बाईही त्या रात्री झोपत नाही. नवरा वावरात, दाराला कडी, आणि कान फोनकडे. तिच्या जागरणाचा उल्लेख मी आजवर कुठल्या योजनेत वाचलेला नाही.

०००

आता हिशेब फिरला आहे. सूर्याची वीज भर दुपारी सगळ्यात जास्त तयार होते. ती जितकी वाढेल तितकं विजेच्या जाळ्याला दिवसा वीज वापरणारं गिऱ्हाईक हवं. असं गिऱ्हाईक शेतीइतकं मोठं आणि इतकं सोयीचं दुसरं नाही. पाणी सकाळी दहाला दिलं काय आणि दुपारी दोनला दिलं काय, पिकाचं काही बिघडत नाही. ज्या सोयीपायी शेतकऱ्याची रात्र गेली, ती सोयच आता दिवसाच्या बाजूला आली आहे. म्हणून दिवसा वीज ही आता मेहरबानी उरली नाही. ती सगळ्यांच्याच फायद्याची व्यवस्था आहे, आणि म्हणूनच ती उशिरा देण्याला सबब उरलेली नाही.

विदर्भाच्या रब्बीला तर सूर्य अगदी जुळून येतो. गव्हाला, हरभऱ्याला पाणी लागतं ते नोव्हेंबर ते फेब्रुवारी, आणि त्या दिवसांत आपलं आभाळ बहुधा स्वच्छ असतं. अनेकांना वाटतं, नागपूरचं मे महिन्यातलं ऊन म्हणजे सोलरची चैन. तसं नाही. पॅनेलला प्रकाश हवा असतो, उष्णता नको असते. पंचवीस अंशांच्या वर पॅनेल जसं तापतं, तसं दर अंशामागे साधारण ०.४ टक्के वीज कमी होते. २३ मे २०१३ ला नागपुरात ४७.९ अंश तापमान होतं. अशा दिवशी काळ्या काचा साठ-पासष्ट अंशांवर जातात आणि पंधरा टक्क्यांच्या आसपास वीज तिथंच हरवते. जानेवारीतलं थंड, लख्ख ऊन पॅनेलला अधिक मानवतं. हरभऱ्यालाही तेच मानवतं.

ज्याच्याकडे सौरपंप आला आहे, त्याच्या वावरात एक सकाळ काढा. पॅनेलवर दव असतं, दवावर धूळ बसलेली असते. तो ओल्या फडक्यानं काचा पुसतो, घरातल्या आरशासारख्या. नऊच्या सुमारास पाइपाच्या तोंडाशी करंगळीएवढी धार येते. साडेदहाला ती मनगटाएवढी होते. बाराला पाइप भरून पाणी कोसळतं आणि दांडातली माती गढूळ होते. चारनंतर धार पुन्हा बारीक होत जाते. सूर्य किती चढला हे त्या पाइपाकडे बघून सांगता येतं. आणि पाणी वळवायला घरातली बाई फावडं घेऊन उभी असते, कारण उजेड आहे. रात्रीच्या ओलितात तिला ही जागा नव्हती. शेतावर राबण्यात ती बरोबरीची होतीच, पाण्यावरचा हात तिला दिवसानं दिला.

०००

दिवसा वीज देण्याचे दोन रस्ते महाराष्ट्रात आहेत. दोन्ही एकत्र मोजून आकडे फुगवण्यापेक्षा दोन्ही वेगळे समजून घ्यावेत.

पहिला रस्ता वावरातल्या पंपाचा. केंद्राची कुसुम योजना २०१९ मधली. राज्यात २०२४ मध्ये ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ आली. शेतकऱ्यानं किमतीच्या दहा टक्के भरायचे; अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्यानं पाच टक्के. अडीच एकरांपर्यंत तीन एचपी, पाच एकरांपर्यंत पाच एचपी, त्यावर साडेसात एचपी. पाच वर्षं दुरुस्तीची हमी आणि विमा. नवी जोडणी मागायला गेलेल्याला आता बहुतेक वेळा याच पंपाचा अर्ज पुढे केला जातो. ज्याची विहीर उथळ आहे, पाणी बऱ्यापैकी आहे आणि खांब लांब आहे, त्याच्यासाठी हा पंप चांगला. ज्याला खोल बोअरमधून पाणी ओढायचं आहे किंवा दोन विहिरी एकाच मोटारीवर चालवायच्या आहेत, त्याचं यात भागत नाही. अशा शेतकऱ्याला ‘सोलरच घ्या’ म्हणून परत पाठवणं हा त्याच्या गरजेचा अपमान आहे.

दुसरा रस्ता वाहिनीचा. गावाजवळच्या उपकेंद्राशी सौर प्रकल्प उभा करायचा आणि शेतीची अख्खी वाहिनी त्यावर दिवसा चालवायची. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ मध्ये राळेगणसिद्धीपासून सुरू झाली, २०२३ मध्ये तिची दुसरी आवृत्ती आली, आणि त्या दुसऱ्या आवृत्तीतला पहिला प्रकल्प २०२४ मध्ये वैजापूर तालुक्यातल्या धोंदलगावला चालू झाला, तीन मेगावॉटचा. इथं शेतकऱ्याला काही विकत घ्यायचं नाही, काचा पुसायच्या नाहीत, कंट्रोलर सांभाळायचा नाही. त्याची जुनी मोटार, जुनी पेटी, जुना खांब. फक्त लाइन येते ती उजेडात.

माझं मत स्पष्ट आहे. जिथं खांब आधीच आहेत, तिथं वाहिनी आधी. हिंगणा तालुका शहराला लागून आहे, मेट्रो लोकमान्य नगरपर्यंत येऊन पोहोचली आहे, खांब आणि तारांचं जाळं गावोगाव आहे. इथं प्रत्येक शेतकऱ्याला स्वतंत्र पंप विकण्यापेक्षा वाहिनी दिवसाची करणं स्वस्त आणि सोपं. एका वाहिनीवरच्या शेकडो मोटारी एका फटक्यात दिवसाच्या होतात. थकलेल्या म्हाताऱ्याची, अर्ज भरता न येणाऱ्या विधवेची, कागद अपुरे असलेल्या वाटेकऱ्याचीही.

०००

पैशाचं बोलू, थोडक्यात.

एप्रिल २०२४ पासून पाच वर्षं, साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपांना राज्यानं वीज मोफत केली. बिल शून्य झालं. रात्र तशीच राहिली. ज्या विजेसाठी माणसाला दोन वाजता उठावं लागतं, तिला मोफत म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

आणि शेतीची वीज स्वस्त असते ती कोणाच्या तरी खिशातून. हिंगण्याच्या एमआयडीसीतला कारखानदार युनिटमागे जास्त दर भरतो, त्यातून शेतीच्या दराची तूट भरली जाते. याला क्रॉस सबसिडी म्हणतात. कारखानदार म्हणतो, शेतकऱ्यामुळे माझी वीज महाग. शेतकऱ्याला वाटतं, कारखान्याला चोवीस तास आणि मला उरलेली. एकाच तालुक्यात, एका रस्त्याच्या दोन बाजूंना, ही दोन माणसं वर्षानुवर्षं एकमेकांकडे संशयानं बघतात. वाहिनी योजनेतली सूर्याची वीज युनिटला तीन रुपयांच्या आसपास पडते. शेतीची वीज मुळातच स्वस्त तयार झाली तर कारखान्यावरचा भार उतरायला वाव मिळतो आणि शेतकऱ्याला दिवस मिळतो. एमआयडीसीतल्या उद्योजकांनी शेतकऱ्यांच्या दिवसा विजेसाठी निवेदन द्यावं, असा हा व्यवहार आहे. मी त्यांच्या निवेदनाची वाट बघतोय.

०००

आता त्या तिसऱ्या अंदाजाकडे येतो, ज्याचं नाव रात्री घेत नाहीत.

हिंगण्याच्या पश्चिमेला बोर व्याघ्र प्रकल्पाचं जंगल आहे. २०१४ मध्ये तो व्याघ्र प्रकल्प झाला. नोव्हेंबर २०१९ मध्ये तर वाघ मिहानमध्ये, माहिती-तंत्रज्ञानाच्या इमारतींच्या परिसरात दिसला होता. वाघाच्या वाटा आमच्या वावरांतून जातात आणि वावरात ओलित रात्री चालतं. दोघांची वेळ एकच ठेवायची आणि मग संघर्षावर चर्चासत्रं घ्यायची, याला काय म्हणावं?

पण जंगलाकाठच्या गावांत रात्रीच्या विजेचं याहून भयंकर रूप आहे. रानडुक्कर आणि रोही एका रात्रीत उभं पीक आडवं करतात. शेतकरी जागल करून थकतो. मग कोणीतरी लाइनवर आकडा टाकतो आणि ती तार धुऱ्याभोवती फिरवतो. त्या तारेत अखंड वाहती वीज असते. तिला जे लागलं ते सुटत नाही. डुक्कर मरतं, गाय मरते, पहाटे शेजारच्या वावरातून येणारा माणूस मरतो. वाघही मरतो. ऑक्टोबर २०१७ मध्ये ब्रह्मपुरीहून आणून बोरच्या जंगलात सोडलेली वाघीण वर्धा जिल्ह्यातल्या सिंदीविहिरी शिवारात अशाच तारेला लागून मेली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये ‘जय’ या वाघाचा बछडा ‘श्रीनिवास’ नागभीडच्या बाजूला अशाच तारेनं मेला आणि जमिनीत पुरलेला सापडला.

याला उत्तर आहे, तेही सूर्याचंच, आणि ते आपल्या वावरांतून रोज ऐकू येतं: टक… टक… टक. झटका मशीन. हातभर पॅनेल, बारा व्होल्टची बॅटरी आणि एक डबा. तो डबा तारेत सेकंदाला साधारण एक झटका सोडतो. दाब हजारो व्होल्टचा, पण क्षणाच्या अगदी बारीक तुकड्यापुरता. डुकराच्या नाकाला लागतो, ते किंचाळत मागं फिरतं, जिवंत राहतं आणि त्या धुऱ्याची आठवण ठेवतं. दोन झटक्यांच्या मधली उसंत, तिथं जीव वाचतो. आकड्याच्या तारेत ती उसंत नसते.

व्याघ्र प्रकल्पांभोवतालच्या गावांसाठी राज्याची डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजना आहे, त्यात सौर कुंपणाला अनुदान मिळतं. माझी मागणी एवढीच की वाघाची वाट ठरावीक गावांच्या यादीनं ठरत नाही, तेव्हा अनुदानही त्या यादीत अडकू नये. झटका मशीन प्रत्येक जंगलाकाठच्या वावराला मिळावं. आणि शेतकऱ्यांनाही कळकळीनं सांगतो: डबा बिघडला म्हणून तार थेट लाइनला जोडू नका. एका रात्रीपुरती जोडलेली तार शेजाऱ्याच्या पोराला ओळखत नाही.

०००

सौरपंप बसतो, फोटो निघतो, हार घातला जातो. त्यानंतर?

माझ्या ओळखीच्या एका शेतकऱ्याचा कंट्रोलर ऐन हरभरा घाटे भरताना बंद पडला. पडद्यावर एक इंग्रजी अक्षर आणि दोन आकडे लुकलुकत राहिले. त्याचा अर्थ गावात कोणालाच कळेना. फोन केला, तक्रार नोंदली गेली, क्रमांक मिळाला. माणूस आला एकोणीस दिवसांनी. घाटे एकोणीस दिवस थांबत नाहीत. त्या काळात त्यानं शेजाऱ्याच्या मोटारीवरून पाणी घेतलं, आणि शेजाऱ्याची लाइन होती रात्रीची. पॅनेल वावरात उभं, आणि मालक पुन्हा दोन वाजता चिखलात.

जुनी मोटार जळली की तालुक्याच्या ठिकाणी वाइंडिंगचं दुकान असतं. मिस्त्री नावानं ओळखतो, उधारीवर भरून देतो. सौरपंपाला असा मिस्त्री नाही. प्रत्येक कंपनीचा कंट्रोलर निराळा, सुटे भाग निराळे, दुरुस्तीचा माणूस दुसऱ्या जिल्ह्यात. केंद्राचा ‘सूर्यमित्र’ प्रशिक्षण कार्यक्रम आहे, आयटीआय आहेत, आणि हिंगण्यात तर कारखान्यांत हात बसलेली शेकडो मुलं आहेत. पाच-सात गावांमागं एक प्रशिक्षित मिस्त्री, त्याच्याकडे सुट्या भागांची पेटी, आणि कंपनीनं त्याला दुरुस्तीमागं पैसे द्यायचे, हे जमवणं अवघड नाही. रब्बीच्या हंगामात बिघाड ठरलेल्या दिवसांत दुरुस्त झाला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाची भरपाई शेतकऱ्याच्या खात्यात यावी. करारात ही एक ओळ घाला. एकोणीस दिवसांचे तीन होतील.

पाच वर्षांची हमी संपल्यावर काय, हा प्रश्नही आजच विचारायला हवा. पॅनेल वीस-पंचवीस वर्षं चालतं. कंट्रोलर आणि मोटार तितकी टिकत नाहीत. सहाव्या वर्षी मिस्त्री नसेल तर वावरात उरतील त्या फक्त निळ्या काचा, शेळ्यांना सावली म्हणून.

०००

आणि आता पाणी. इथं मला सर्वांत जास्त काळजी आहे, म्हणून थोडं थांबतो.

सूर्याला बिल नसतं. बटन दाबलं की पंप चालतो, ऊन आहे तोवर चालतो, आणि थांबवायला काही कारणही नसतं. पाच एचपीचा सौरपंप चांगल्या उन्हात, पन्नास मीटरवरून पाणी उचलतानाही, दिवसाला लाखभर लीटर पाणी काढतो. एका एकराला सहा सेंटिमीटरची एक पाळी द्यायची तर सुमारे अडीच लाख लीटर लागतात. म्हणजे अडीच दिवस. मग दुसरा एकर, मग संत्र्याचा बगीचा. वर्षात दीडशे दिवस पंप चालला तर दीड कोटी लीटर पाणी गेलं. आता पाऊस मोजा. वर्षाचा ११०० मिलिमीटर पाऊस धरला तर एका एकरावर साडेचव्वेचाळीस लाख लीटर पाणी पडतं. म्हणजे एक पंप सव्वातीनहून जास्त एकरांवर पडलेला सगळा पाऊस, थेंबन्थेंब, उपसून काढतो. प्रत्यक्षात पावसाचा थोडाच भाग खाली मुरतो. आपला खडक काळा, बसाल्टचा, त्याच्या पोटात मुळातच जागा कमी. उरलेलं पाणी कुठून येतं? शेजाऱ्याच्या विहिरीतून. पुढच्या वर्षाच्या वाट्यातून.

याच जिल्ह्यातल्या काटोल-नरखेडला आणि पलीकडे वरुडला विचारा. संत्र्याच्या बागांसाठी तिथं बोअर खोल खोल गेल्या आणि उथळ विहिरी आटल्या. तिथं तर वीज होती ती अपुरी, रात्रीची. दिवसभर फुकट पळणारे पंप त्याच वाटेनं सोडले तर हिंगण्याला काटोल व्हायला फार वर्षं लागणार नाहीत. त्या दिवशी शेतकऱ्याला रात्रीची झोप असेल, विहिरीत पाणी नसेल.

वाट आहे. गुजरातच्या खेडा जिल्ह्यात ढुंडी नावाचं गाव आहे. २०१६ मध्ये तिथल्या सहा शेतकऱ्यांनी सौर सिंचनाची सहकारी संस्था काढली. आंतरराष्ट्रीय जल व्यवस्थापन संस्थेचे तुषार शाह यांनी मांडलेला विचार साधा होता: सूर्याची वीज हेही एक पीक समजा. लागेल तेवढी पंपाला वापरा, उरलेली वीज कंपनीला विका. उरलेल्या युनिटला पैसे मिळतात म्हटल्यावर शेतकरी पंप आपणहून बंद करतो. पाणी वाचवा म्हणून भाषण द्यावं लागत नाही. आपल्याकडचे वावरातले बहुतेक पंप लाइनला जोडलेलेच नाहीत. पीक नसताना त्यांची वीज वाया जाते. ज्यांच्या वावराजवळ खांब आहे, त्यांना वीज विकायची सोय द्या. जिथं खांब नाही, तिथं ‘युनिव्हर्सल कंट्रोलर’ द्या. तो असला की त्याच पॅनेलवर पिठाची चक्की, कडबा कुट्टी, मसाला कांडप चालतं. वर्षातले दोनशे दिवस रिकामं उभं राहणारं यंत्र घरात पैसा आणतं.

पाण्याच्या हिशेबासाठी तर आपल्याला गुजरातेतही जावं लागत नाही. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदरमधल्या नायगावला पाणी पंचायत उभी केली. पाण्याचा हक्क जमिनीला न देता माणसाला दिला. माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. भूमिहीनालाही वाटा, आणि ऊस बंद. पन्नास वर्षांपूर्वी डिझेलच्या आणि विजेच्या पंपावर जे जमलं, ते सूर्याच्या पंपावर का जमू नये? गावातली एक निरीक्षण विहीर ठरवा. पावसाळा संपला की पाणी किती खोल आहे ते दोरीला दगड बांधून मोजा आणि ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लिहा. किती एकर गहू, किती हरभरा, हे त्या आकड्यावरून ठरू द्या.

०००

जमिनीचंही एक वाक्य सांगून टाकतो, कारण उद्या गावोगाव याच विषयावर बैठका बसतील. वाहिनी योजनेत प्रकल्पाला जागा दिली तर हेक्टरी सव्वा लाख रुपये वार्षिक भाडं मिळतं, दरवर्षी तीन टक्के वाढीसह. ग्रामपंचायतीला तीन वर्षं दरवर्षी पाच लाख. कोरडवाहू वावराच्या मालकाला ही खात्रीची रक्कम मोठी आहे. पण त्या वावरात मक्त्यानं राबणारा जो आहे, त्याचं नाव करारात कुठंच नसतं. गायरान दिलं तर ज्यांच्या दोन शेळ्या तिथं चरतात, त्यांचंही नसतं. नागपूरच्या भोवताली वावरांचे ले-आऊट होताना हीच माणसं पहिल्यांदा बाहेर पडली. सूर्याच्या नावानं तसं पुन्हा होऊ नये. ग्रामपंचायतीला मिळणाऱ्या पाच लाखांवर पहिला हक्क ज्याची चराई गेली त्याचा, असा ठराव गावाला करता येतो.

०००

२६ जानेवारीला ग्रामसभा आहे. त्या दिवशी झेंडा फडकेल तेव्हा हरभरा फुलावर नाहीतर घाट्यावर असेल आणि कुठल्यातरी वाहिनीला रात्रीची पाळी असेल. हिंगणा तालुक्यातल्या प्रत्येक गावानं त्या सभेत चार प्रश्न विचारून त्यांची उत्तरं कागदावर, सहीसह घ्यावीत.

आमची शेतीची वाहिनी कोणत्या तारखेपासून पूर्ण दिवसाची होणार?

सौरपंप बंद पडला तर किती दिवसांत कोण येणार, आणि नाही आला तर भरपाई किती?

आमच्या विहिरींत आज पाणी किती फुटांवर आहे?

आणि धुऱ्यावरच्या जिवंत तारा काढून त्या जागी झटका मशीन कधी मिळणार?

चारही उत्तरं आली तर सौरऊर्जा गावात आली असं मी मानीन. नाहीतर नुसत्या काचा आल्या.

परवा त्या वावराकडे पुन्हा गेलो होतो. लाइन दिवसाची होती, त्या आठवड्यापुरती. तो बांधावर बसून शिदोरी खात होता, बायको दांड वळवत होती, पाणी उजेडात चमकत सरीत शिरत होतं. मी विचारलं, कसं काय? म्हणाला, “येत्या आठवड्यात पुन्हा रातची आहे, भाऊ.” आणि यावेळी त्याच्या सुरात पावसासारखा स्वीकार नव्हता. “का म्हून?” हा प्रश्न त्यानं मला विचारला.

मी तो इथं छापतो आहे. उत्तर ज्यांनी द्यायचं आहे, त्यांनी ते दिवसाउजेडी द्यावं.